झाकलेली जमीन

शेतातील तणाचा विषय शहरातल्या श्रोत्यांपुढे कशाला, असे कोणी विचारील. परंतु आपल्या कढईतले सोयाबीनचे तेल ज्या शेतातून येते, तेथला शेतकरी पिकाइतकाच तणाशीही झगडत असतो. अमेरिकेतील या झगड्याची हकीकत आपणांस विचार करावयास लावील.

1996 साली ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारे सोयाबीन तेथे विक्रीस आले. फवारा मारला की तण मरे आणि पीक उभे राही. साहजिकच शेतकऱ्यांची कोळपी बाजूस पडली. पण एकच औषध वर्षानुवर्षे मारले की त्यातून जे थोडे तण वाचते, त्याचेच बी पुढे वाढते. दहा वर्षे होतात न होतात तोच जॉर्जिया राज्यात या औषधाला न जुमानणारे पामर अमरंथ आढळले. हे आपल्या माठ-राजगिऱ्याचेच भाऊबंद! मोकळ्या जागी वाढलेले त्याचे एक झाड लाखो बिया टाकते.

तेव्हा शेतकरी पुन्हा एका जुन्या उपायाकडे वळू लागले. मक्याची कापणी झाली की ते शरद ऋतूत राय पेरतात. राय म्हणजे आपली मोहरी नव्हे. ते गव्हासारखे तृणधान्य आहे. बर्फाचा हिवाळा सोसून ते वसंतात झपाट्याने वाढते. फुलोऱ्यावर आले की पात्यांचा जड रूळ फिरवून त्याची ताटे चेचून आडवी करतात आणि त्या गादीतच सोयाबीन पेरतात.

याने तण कसे थांबते? माठासारख्या तणाचे बी बारीक. त्याला रुजण्यास उजेड लागतो, आणि जाड थर भेदून वर येण्याइतकी शिदोरी त्याच्यापाशी नसते. सोयाबीनचा दाणा मोठा. तो वर येतो. शिवाय काड कुजताना सूक्ष्म जीव जमिनीतील नत्र ओढून घेतात. तण उपाशी राहते. सोयाबीन मात्र मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र मिळविते.

तथापि ही जादूची कांडी नव्हे. हेक्टरी आठ-नऊ टन वाळलेले काड असेल तरच तण नीट दबते. फुलोऱ्याआधी रूळ फिरविला तर राय पुन्हा उठते. वसंत कोरडा गेला तर तीच जमिनीतील ओल पिऊन टाकते. आणि खोलवर मुळे धरलेले बहुवर्षायू तण या थराला दाद देत नाही.

आपल्या विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन जूनच्या पावसावर पेरतात आणि त्याआधी कडक उन्हाळा असतो. म्हणून ही रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण तिच्यातला धडा आपल्यालाही लागू आहे: उघडी जमीन तणाला आमंत्रण देते, आणि एकाच शस्त्रावर विसंबणारा शेवटी शत्रूलाच बळकट करतो.