कापडी पट्टी (वाहनांचे पुनरुज्जीवन)

कापडी पट्टी म्हणजे जुन्या वाहनांच्या बांधणीत एकमेकांना बोल्टने जोडलेल्या दोन पत्र्यांच्या मध्ये घातला जाणारा कापडाचा, नवारीचा किंवा फेल्टचा थर होय. पत्र्यांची करकर थांबवणे, रंग घासला जाऊ न देणे आणि सांध्यातून धूळ व पाणी आत येण्यास अटकाव करणे ही तिची मुख्य कामे आहेत. जुन्या लष्करी जीप व ट्रक यांचे पुनरुज्जीवन करताना ही पट्टी नव्याने बसवावी लागते. मात्र ती चुकीच्या पद्धतीने बसवल्यास सांध्यात पाणी धरून ठेवते आणि ज्या पत्र्याचे रक्षण करायचे तोच गंजून जातो.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील वाहनांचे मडगार्ड, पायदान, बॉनेट आणि मुख्य सांगाडा हे भाग स्वतंत्रपणे तयार करून बोल्टने जोडले जात. त्यामुळे रणभूमीवर खराब झालेला भाग चटकन बदलता येई. खडबडीत रस्त्यावर असे सांधे सतत सूक्ष्म प्रमाणात हलतात. या घर्षणाने आधी रंग जातो, मग उघडे पडलेले लोखंड गंजते.

विलीज एमबी व फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपगाड्या १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक संख्येने तयार झाल्या. भागांमधील आघात शोषण्यासाठी त्यांत इतर साहित्यही वापरलेले दिसते. उदाहरणार्थ, पुढची काच खाली दुमडल्यावर ती टेकण्यासाठी बॉनेटवर लाकडी ठोकळे बसवलेले असत.

महाराष्ट्राचा या वाहनांशी जुना संबंध आहे. १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने स्थापन झालेल्या आणि पुढे 'महिंद्र अँड महिंद्र' झालेल्या कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. अहिल्यानगर येथे १९९४ पासून रणगाडा संग्रहालय असून तेथे विविध देशांची जुनी चिलखती वाहने जतन केलेली आहेत.

प्रकार

सपाट पट्टी ही जाड विणीच्या सुती नवारीची असते. ती डांबर किंवा मेण यांत भिजवून वापरली जाई, कारण कोरे सूत पाणी शोषते. ही पट्टी सांध्याच्या आत दडलेली असते.

पायपिंग हा दुसरा प्रकार होय. यात दोरीभोवती लेपित कापड गुंडाळून एका बाजूला सपाट पाख ठेवलेली असते. पाख सांध्यात दाबली जाते व गोल कड बाहेर दिसते. शिंपी गादीच्या शिवणीत जी पायपिंग घालतात, तिचीच ही मोठी आवृत्ती म्हणता येईल.

तिसरा प्रकार बॉनेटच्या कडेखालील विणलेल्या फितीचा आहे. बॉनेट वारंवार उघडावे लागत असल्याने ही फीत दोन पत्र्यांत आवळलेली नसते. ती एकाच बाजूला रिव्हेट किंवा पिनांनी बसवतात.

बसवण्याची पद्धत

जुनी पट्टी काढण्यापूर्वी तिची रुंदी, जाडी आणि जागा यांची नोंद करून छायाचित्रे घेतात. इंजिन व धुराड्याजवळील जुन्या विणलेल्या थरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. असे थर कोरडे खरवडणे फुप्फुसांना धोकादायक असते.

यानंतर दोन्ही पत्र्यांवरील गंज पूर्ण काढून, जोडणीपूर्वीच आतल्या बाजूंना प्रायमर व रंग देतात. जोडणी झाल्यावर सांध्याच्या आत रंग पोहोचत नाही, म्हणून हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. रंग पूर्ण वाळण्यापूर्वी पट्टी दाबल्यास ती रंगाला चिकटते.

बोल्टसाठीची छिद्रे पंचाने पाडतात, कारण ड्रिलमध्ये धागे अडकून वीण उसवते. कापलेली टोके मेणाने बंद करतात. वळणदार मडगार्डवर पायपिंगच्या पाखेला त्रिकोणी खाचा दिल्या की ती सुरकुत्या न पडता वळते. पट्टी एकाच पत्र्याला चिकटवून सर्व बोल्ट आधी हाताने लावतात व नंतर मध्यापासून टोकांकडे क्रमाने आवळतात. कापड दाबले जात असल्याने काही दिवस वाहन चालवल्यावर बोल्ट पुन्हा तपासावे लागतात. पाणी निचरण्यासाठी मूळ रचनेत ठेवलेल्या फटी पट्टीने बुजवू नयेत.

विद्युत जोडणी

अनेक वाहनांत दिव्यांचे अर्थिंग पत्र्यांमधूनच होते. कापड विद्युतरोधक असल्याने नवी पट्टी व नवा रंग यांनंतर दिवे मंद होतात किंवा लागत नाहीत. त्यासाठी दोन भागांना जोडणारी स्वतंत्र तार द्यावी लागते. अमेरिकी लष्कराच्या वाहनांत रेडिओतील खरखर टाळण्यासाठी पत्र्यांचे भाग विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असत. अशा वाहनांच्या नोंदणी क्रमांकापुढे 'एस' हे अक्षर रंगवले जाई. पुनरुज्जीवनात या तांब्याच्या पट्ट्या व दातेरी वायसर गाळले जाण्याची शक्यता असते.

हवामान आणि साहित्याची निवड

कोल्हापूर, कागल व हातकणंगले या पट्ट्यात जून ते सप्टेंबर पावसाळा असतो आणि हवेतील दमटपणा बराच काळ टिकतो. उभ्या ठेवलेल्या वाहनाच्या सांध्यातील ओले कापड अशा हवेत लवकर वाळत नाही. पोलादावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असेल, तर हा ओलावा दोन धातूंमध्ये विद्युतघटासारखी क्रिया घडवतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजते.

यावर बंद पोकळ्यांच्या रबराची पट्टी हा आधुनिक पर्याय आहे. ती पाणी शोषत नाही. पॉलिएस्टरची नवार सुतासारखी कुजत नाही, परंतु तिच्या विणीतही पाणी थांबू शकते. संग्रहालयातील वाहनासाठी मूळ स्वरूपाचे सुती साहित्य सयुक्तिक ठरते. पावसात नियमित चालणाऱ्या वाहनासाठी मात्र बाहेर दिसणारी पायपिंग मूळ नमुन्याची व आतली सपाट पट्टी रबराची, असा मध्यममार्ग काढता येतो. कोणतेही साहित्य निवडले तरी ते पुढे पत्र्याला इजा न करता काढता यावे आणि केलेल्या बदलाची लेखी नोंद राहावी, हे जतनकार्याचे सर्वसाधारण तत्त्व येथेही लागू होते.