वेड पांघरलेला राजपुत्र

बी.ए.ला असताना परीक्षेत प्रश्न आला होता, हॅम्लेट खरोखर वेडा होता का? मी बेधडक ‘होय’ लिहून मोकळा झालो. तो पेपर आज पुन्हा मिळाला, तर उत्तर बदलीन.

वेड पांघरून पेडगावला जाणं, असं आपण म्हणतो. शेक्सपिअरने १६००च्या सुमारास लिहिलेल्या या नाटकातला डेन्मार्कचा राजपुत्र नेमकं तेच करतो आणि आधी सांगून करतो. बापाचं भूत त्याला भेटतं, सख्ख्या भावानेच माझा खून केला म्हणतं. त्याच रात्री हॅम्लेट मित्र होरेशिओला बजावतो, की यापुढे मी विचित्र वागलो तर काही जाणता असं दाखवू नका. भूतही त्याच्या एकट्याच्या डोक्यातलं नव्हे, पहारेकऱ्यांनी ते आधीच पाहिलेलं असतं. (पुढे आईच्या महालात मात्र ते त्याला दिसतं, आईला दिसत नाही. तिथे शंकेला जागा आहे.)

मी कवी, त्यामुळे माझा कान छंदाकडे जातो. म्हाताऱ्या पोलोनिअसची टर उडवताना, हेरगिरीला आलेल्या मित्रांना चकवताना हॅम्लेट गद्यात बोलतो. एकटा उरला, की निर्यमक पण बांधेसूद पद्यात. अंगरखा खुंटीला टांगावा तसं सोंग बाजूला होतं. अर्थात नटांशी आणि थडगं खणणाऱ्याशीही तो गद्यच बोलतो, तेव्हा एवढ्यावर निकाल देता येणार नाही. पण ऑफेलिया पाहा. हॅम्लेटच्या हातून तिचा बाप, हाच पोलोनिअस, मारला जातो आणि तिला खरंच वेड लागतं. गाण्यांचे तुटके तुकडे गात ती फुलं वाटत सुटते. तिच्या वेडाला हेतू नाही, उतरवून ठेवण्याची सोयही नाही.

आगरकरांनी १८८३मध्ये या नाटकाचं मराठी रूपांतर केलं, त्याला नाव दिलं ‘विकारविलसित’. गणपतराव जोशींनी ही भूमिका गाजवली. आगरकरांचा शब्द मला फार नेमका वाटतो. विकार म्हणजे आजारही आणि राग, शोक, किळस यांचा उसळता आवेगही. पडद्याआड राजाच लपला आहे असं समजून हॅम्लेटने तलवार खुपसली, ती या आवेगात.

म्हणूनच शेवटच्या अंकातली त्याची माफी मला खटकते. पोलोनिअसला मारल्यावर आईला तो बजावतो, की मी वेडा नाही, हे माझं कपट आहे. आणि द्वंद्वापूर्वी पोलोनिअसच्या मुलाला, लेअर्टिसला सांगतो, की अपराध माझा नव्हे, माझ्या वेडाचा. दोन्ही खरं कसं असेल? डॉ. जॉन्सन यांनीही १७६५च्या आपल्या आवृत्तीत या सबबीबद्दल नाराजी नोंदवली आहे. समोर उभ्या लेअर्टिसने तर बाप गमावलेला असतो आणि बहिणीला नुकतीच मूठमाती दिलेली असते.