पाटी लावल्यानंतर

परीक्षा झाली, सनद मिळाली, दोन खोल्या भाड्याने घेऊन झाल्या, दारावर नावाची पाटी लागली. पहिले चार दिवस नातेवाईक येतात, पेढे खाऊन जातात. पाचव्या दिवशी दाराची घंटा वाजते, ती पेपरचं बिल घेऊन आलेल्या मुलाने वाजवलेली असते. वकील असो, वास्तुविशारद असो, अनुवादक असो की सल्लागार अभियंता, स्वतंत्र व्यवसायात उतरलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे रिकामे दिवस येतात. मी सनदी लेखापाल आहे, त्यामुळे माझ्या बोलण्यात उदाहरणं त्या व्यवसायातली जास्त येतील. पण गोष्ट सगळ्यांचीच आहे.

नोकरी करणाऱ्याला पगाराबरोबर काही गोष्टी फुकट मिळत असतात आणि त्या मिळतात हे त्याच्या ध्यानातही येत नाही. शेजारच्या टेबलावर माणसं असतात. आठवड्याच्या बैठकीत इच्छा असो वा नसो, तोंड उघडावं लागतं. आणि काम चुकलं तर कागद परत पाठवणारा साहेब असतो. स्वतःची पाटी लावली की हे सगळं एका दिवसात बंद होतं. ओळखी वाढवणं, चारचौघांत बोलणं आणि चुकांतून शिकणं हे वेगवेगळे गुण समजून त्यांची वेगवेगळी शिबिरं भरवली जातात. मला मात्र ही एकाच गरजेची अंगं वाटतात. एकट्याने काम करणाऱ्याला आपलं ऑफिस चार भिंतींबाहेर, माणसांमध्ये उभं करावं लागतं.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? सरळ जाहिरात द्यावी. साबणाची जाहिरात करता येते, तशी आमची करता येत नाही. सनदी लेखापालांचा कायदा १९४९ चा. थेट किंवा आडमार्गाने काम मागत फिरणं हे त्यात व्यावसायिक गैरवर्तन मानलं आहे. वकिलांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्तिसाव्या नियमाने अशीच मनाई केली आणि २००८ मध्ये फक्त संकेतस्थळावर ठरावीक माहिती देण्याची मुभा दिली. नियम काळानुसार थोडेथोडे सैल होत आले आहेत, पण त्यांच्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सत्तरच्या दशकात महाराष्ट्राच्या बार कौन्सिलचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. मुंबईतल्या फौजदारी न्यायालयाच्या दारात उभं राहून पक्षकार दिसला की त्याच्यावर धावून जाणारे, त्याच्या हातातले कागद ओढणारे वकील हा त्याचा विषय. एस.टी. स्टँडवर रिक्षावाले सामान ओढतात तसंच! असल्या माणसाच्या हाती आपला खटला कोण देईल?

मग काम यायचं कुठून? ओळखीतून. पण कुठल्या ओळखीतून, याबद्दल आपला अंदाज बहुधा चुकतो. आपल्याला वाटतं, जिवलग मित्र आणि सोयरेधायरे कामं आणतील. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकऱ्या बदललेल्या सुशिक्षित लोकांना विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीची बातमी कळली तो माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत असे? त्याचा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोकांना ती बातमी नेहमी भेटणाऱ्याने दिली होती. ५५.६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याने आणि २७.८ टक्क्यांना वर्षातून जेमतेम एकदा भेटणाऱ्याने. पाहणी लहान होती, पण कारण पटण्यासारखं आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊकच असतं. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते. लिंक्डइनच्या दोन कोटी सदस्यांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, नोकरी बदलताना फार जवळची नाही आणि अगदीच पुसटही नाही अशी मधली ओळख सर्वांत उपयोगी ठरली. या दोन्ही पाहण्या नोकऱ्यांच्या आहेत. माझ्या व्यवसायात नवं काम येताना मी पाहतो, तर तिथेही चित्र फार वेगळं नाही. बँकेतला कर्जविभागाचा अधिकारी, एखाद्या सोसायटीचा चिटणीस, दुसऱ्या तालुक्यात व्यवसाय करणारा समव्यावसायिक, अशांच्या तोंडून आपलं नाव निघतं.

रोटरी क्लबचा जन्मही अशाच एका एकट्या व्यावसायिकामुळे झाला. पॉल हॅरिस हा शिकागोत वकिली करणारा गृहस्थ. मोठ्या शहरात ओळखी पुष्कळ, पण आपलं म्हणावं असं माणूस नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तो, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणअभियंता आणि एक शिंपी असे चौघे जमले. पुढे आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचं ठरलं, त्यावरून रोटरी हे नाव पडलं. वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं हवीत, हा त्यांचा आग्रह होता. एका खोलीत वीस सनदी लेखापाल जमले तर प्राप्तिकरावर चर्चा चांगली रंगते, हे मी अनुभवाने सांगतो. पण शिंप्याला आणि कोळसेवाल्याला आपल्या कामाचं काय कळतं, हे तिथे कधीच समजत नाही.

तरीही समव्यावसायिकांशी वैर धरणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. आमच्या कायद्याने एरवी काम मागायला बंदी केली आहे, पण दुसऱ्या व्यवसायी सनदी लेखापालाकडे काम मागायला मोकळीक ठेवली आहे. शिवाय, एखाद्या कंपनीचं लेखापरीक्षण नव्याने स्वीकारायचं तर आधीच्या लेखापरीक्षकाला लेखी कळवावं लागतं. बरेच जण हे पत्र उपचार म्हणून पाठवतात. खरं तर त्या निमित्ताने एक फोन केला, तर तो पक्षकार का सोडून आला हे कळू शकतं. आणि आपला पक्षकार दुसरीकडे गेल्यावर तसंच पत्र आपल्याकडे येतं, तेव्हा ते फाडून टाकण्याऐवजी वाचावं.

आता बोलण्याविषयी. एकट्या व्यावसायिकाने व्याख्यान द्यावं म्हटलं की लोकांना वाटतं, वक्तृत्व ही दैवी देणगी आहे, आपल्याला ती नाही. १८९१ मध्ये विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या एका तरुणाची हकीकत त्याच्याच आत्मकथेत आहे. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्याला पहिला खटला मिळाला, फी तीस रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला तो उभा राहिला आणि पाय लटपटले, डोकं गरगरलं, एकही प्रश्न सुचेना. तो खाली बसला आणि पटेल नावाच्या वकिलाला काम द्या, असं त्याने सांगून टाकलं. पटेलांनी एक्कावन्न रुपयांत ते उरकलं. तरुणाचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

हाच माणूस १८९३ मध्ये प्रिटोरियात एका व्यापाऱ्याच्या घरी जमलेल्या हिंदी लोकांपुढे बोलला. ते आपलं पहिलं जाहीर भाषण असं त्यांनी नोंदवलं आहे. विषय होता व्यापारातला खरेपणा. दोन वर्षांत असं काय बदललं? माझ्या मते, कोर्टात ते स्वतःला सिद्ध करायला उभे होते; प्रिटोरियात समोरच्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि विषयाची तयारी करून ते गेले होते. गंमत तर पुढेच आहे. भाषणानंतर, ज्यांना इंग्रजी शिकायचं असेल त्यांना शिकवीन, असं त्यांनी सांगितलं. तिघे तयार झाले: एक न्हावी, एक कारकून, एक छोटा दुकानदार. गांधी त्यांच्या सोयीने त्यांच्याकडे जाऊन शिकवत. सभा नियमित भरू लागल्या आणि प्रिटोरियातला एकही हिंदी माणूस आपल्या ओळखीचा नाही असं राहिलं नाही, असं त्यांनी लिहिलं आहे. ओळखी वाढवण्याचे वर्ग काढणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आमच्या क्षेत्रातलं मोठं उदाहरण नानी पालखीवाला यांचं. लहानपणी ते तोतरं बोलत. कराच्या कायद्यातले निष्णात वकील. कांगांबरोबरचा त्यांचा प्राप्तिकरावरचा ग्रंथ १९५० मध्ये आला. १९५८ मध्ये मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलातल्या एका सभागृहात त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केलं. दरवर्षी गर्दी वाढत गेली आणि शेवटी ब्रेबोर्न स्टेडियम घ्यावं लागलं. हातात कागद न घेता ते आकडे सांगत. पण लोक स्मरणशक्ती पाहायला येत नव्हते. अर्थसंकल्पाने माझ्या घराचं काय होणार, हे त्यांना कोणीतरी समजेल अशा भाषेत सांगायला हवं होतं.

आपल्याला स्टेडियम लागत नाही. गल्लीतला ज्येष्ठ नागरिक संघ पुरतो. विषय लहान घ्यावा. 'आयकराची ओळख' असा विषय ठेवला तर दुसऱ्या रांगेपासून लोक डुलक्या घेऊ लागतात. 'नॉमिनी म्हणजे वारस नव्हे' असं फळ्यावर लिहिलं तर सगळे सावरून बसतात, कारण त्यातल्या अनेकांनी तसंच समजून कागद केलेले असतात. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं, की नॉमिनीला शेअर्स मिळाले म्हणून वारसांचा हक्क संपत नाही. एवढं वीस मिनिटांत नीट सांगावं आणि पुढची वीस मिनिटं प्रश्नांना ठेवावीत. प्रश्न वहीत उतरवून घ्यावेत. आपलं कुठलं वाक्य कोणालाच कळलं नाही, हे त्या वहीइतकं स्वच्छ दुसरं काही सांगत नाही. उत्तर येत नसेल तर पाहून कळवतो म्हणावं आणि खरोखर कळवावं. निम्मे वक्ते इथेच नापास होतात.

चुकांचा विषय मात्र अवघड आहे. नोकरदाराची चूक साहेब दाखवतो. आमचा पक्षकार काही बोलत नाही. पुढच्या वर्षी फाइल न्यायला येतो आणि 'मेहुण्याने दुसरीकडे सांगितलंय' म्हणतो. म्हणून चूक दिसण्याची सोय मुद्दाम करावी लागते. सनदी लेखापालांच्या संस्थेने २००२ मध्ये समव्यावसायिकांकडून कामाची तपासणी करून घेण्यासाठी मंडळ नेमलं, त्यामागे हाच विचार होता. पण ती तपासणी कधीतरी होणार. दोघातिघांनी ठरवून महिन्यातून एकदा बसावं, पक्षकाराची नावं अर्थातच गाळून. गोपनीयता मोडली तर तो वेगळा गुन्हा.

शल्यचिकित्सक अतुल गावंडे, ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी सहकाऱ्यांबरोबर एकोणीस कलमांची तपासणी यादी तयार केली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, दिल्लीचं एक त्यात होतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. यादीतली बरीच कलमं साधी आहेत. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणत्या जागी, हे मोठ्याने म्हणायचं. आणि एक कलम असं, की खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. ज्याने एकदा तोंड उघडलं, तो पुढे काही चुकतंय असं दिसलं तर गप्प बसत नाही. आमच्या ऑफिसात विवरणपत्र पाठवण्यापूर्वी शिकाऊ मुलाने आकडे मोठ्याने वाचायचे असा नियम आहे. मुलं कंटाळतात. पण सगळ्यात धाकट्या मुलीने 'सर, हे मागच्या वर्षीचं नाही ना?' असं विचारावं, ही माझी त्यातली मुख्य अपेक्षा असते.

चूक सापडली तर सांगायची कोणाला? इथे पुन्हा गांधींच्या वकिलीतला प्रसंग आठवतो. लवादाचा निवाडा त्यांच्या अशिलाच्या बाजूने लागला होता, पण हिशेबात लवादाकडूनच एक रक्कम नावेच्या जागी जमेला पडली होती. विरुद्ध बाजूच्या ते लक्षात आलं नव्हतं. ज्येष्ठ वकिलाचं मत, की आपण कबूल करायला बांधील नाही. गांधींचं मत, की कबूल केलंच पाहिजे. अशील गांधींच्या बाजूने उभा राहिला. ज्येष्ठाने तसा युक्तिवाद करायला नकार दिला, तेव्हा गांधींनी तो स्वतः केला. न्यायाधीशांना आधी ही चलाखी वाटली. त्यांनी ऐकून घेतल्यावर तेवढी चूक दुरुस्त झाली आणि निवाडा कायम राहिला. अशिलाला न विचारता त्यांनी कोर्टात काही जाहीर केलं नव्हतं, हे लक्षात घ्या. आधी पक्षकार, मग इतर.

राहता राहिला एक प्रश्न, जो नवे व्यावसायिक मला हमखास विचारतात. व्याख्यानानंतर लोक दारात गाठून फुकट सल्ला मागतात, त्यांचं काय करायचं? सर्वांच्या उपयोगाचं असेल ते तिथल्या तिथे सांगून टाकावं. एकाच्या कागदपत्रांवर अवलंबून असेल ते कागदपत्रं पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, असं म्हणून ऑफिसची वेळ द्यावी. शुल्क किती ते त्याच वेळी सांगावं. यात संकोच कसला? गांधी १८९४ मध्ये नाताळमध्ये राहायला तयार झाले, तेव्हा सार्वजनिक कामाचे पैसे घेणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कायद्याचं काम मात्र मला द्या, म्हणाले. वीसेक व्यापाऱ्यांनी वर्षभराची वकिलीची कामं त्यांना बांधून दिली, आणि त्यावर त्यांचं डर्बनमधलं बिऱ्हाड चाललं.