कोंड्यातलं लायपेज

झिओलाइट हा घन उत्प्रेरक आज नाही. या लेखमालेत मागच्या वेळी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) झायलोफायनिंग प्रक्रियेपर्यंत आलो होतो, तिथेच आठवडाभर थांबू. मध्येच छत्तीसगडमधल्या धमतरीकडच्या एका राइस मिलवाल्या वाचकांचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवायला मन होईना. ते लिहितात : आमची मिल अरव्याची (न उकडलेल्या तांदळाची). कोंडा सॉल्व्हेंट प्लँटला जातो. ट्रक दोन दिवस अडला की प्लँटवाले एफएफए वाढलं म्हणून भाव पाडतात. शेजारच्या उसन्याच्या मिलचा कोंडा मात्र पडून राहिला तरी कुणी काही बोलत नाही. हे खरं, की भाव पाडायचं निमित्त? आणि तेल बिघडलंच असेल, तर त्याचं डिझेल का करत नाहीत? रतनजोतीचं करणार होते ना?

खरं आहे. शंभर किलो भात भरडला तर साधारण वीस किलो तूस आणि आठेक किलो कोंडा निघतो. तेल त्या कोंड्यात, दाण्याच्या आतल्या पापुद्र्यात आणि अंकुरात, बारीक थेंबांच्या रूपात असतं. ते तेल तोडणारं लायपेज नावाचं एन्झाइमही कोंड्यातच असतं, पण बाहेरच्या पापुद्र्यात. एकाच वाड्यातली दोन बिऱ्हाडं, मध्ये भिंत. दाणा अखंड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. पॉलिशरमध्ये दाणा घासला गेला की भिंत पडते आणि लायपेज लगेच कामाला लागतं. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्लं जोडलेली असतात. लायपेज ती एकेक करून मोकळी करतं. एफएफए म्हणजे हीच मोकळी मेदाम्लं. दमट हवेत अरव्याच्या कोंड्यात ती दिवसाला पाच ते सात टक्क्यांनी वाढू शकतात. मिलिंग पावसाळ्यापर्यंत लांबलं तर काय होत असेल ते तिल्दा-नेवऱ्याच्या बाजूने जाताना नाकालाच कळतं.

उसन्याचं, म्हणजे आपल्या उकड्या तांदळाचं, प्रकरण वेगळं. तिथे भात आधी भिजवून वाफवतात. वाफेने लायपेज मरतं, मग भरडा कधीही. वर त्या कोंड्यात तेलही जास्त : अरव्याच्या कोंड्यात पंधरा ते अठरा टक्के धरलं, तर उसन्याच्या कोंड्यात वीसच्या पुढे. अरव्यावरही उपाय आहे. कोंडा मिलमधून निघाल्याबरोबर, काही तासांच्या आत, एक्स्ट्रूडरमधून किंवा वाफेतून काढून सव्वाशे अंशांच्या आसपास तापवायचा. दुसऱ्या दिवशी तापवून उपयोग नाही. लायपेज तेव्हाही मरेल, पण सुटलेली मेदाम्लं परत जोडली जाणार नाहीत.

परत जोडली जात नाहीत, हे मात्र कोंड्याच्या ढिगापुरतं. हेच लायपेज वेगळ्या परिस्थितीत उलटं कामही करतं, आणि आपल्या उत्प्रेरकांच्या लेखमालेचा विषय तिथे आहे.

आधी डिझेलचं बघू. तेलापासून बायोडिझेल करायची नेहमीची पद्धत सोपी : तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालायचा, साठ अंशांवर तासभर ढवळायचं. ग्लिसरीन खाली बसतं, वर मिथाइल एस्टर राहतं, तेच बायोडिझेल. पण एफएफए दोनेक टक्क्यांच्या वर गेलं की कॉस्टिक तेलाकडे जायच्या आधी मेदाम्लांना गाठतो आणि साबण होतो. मग थर नीट वेगळे होत नाहीत, मध्ये लापशीसारखं काहीतरी तरंगत राहतं आणि धुवायला बादल्या-बादल्या पाणी लागतं. वीस टक्के एफएफएचं कोंड्याचं तेल असं चालवायला घेतलं, तर हातात साबणच राहील.

रतनजोतीला, म्हणजे मोगली एरंडाला, हीच अडचण होती. रायपूरला २००५ मध्ये छत्तीसगड बायोफ्युएल विकास प्राधिकरण निघालं, डिझेल आता खाडीतून नाही, बाडीतून (परसातून) मिळणार अशी घोषणा झाली, तेव्हाचे मुख्यमंत्री रमण सिंह यांची गाडीही त्यावर चालली. ती योजना का मंदावली यावर बोलणारे सगळे झाडाच्या उत्पन्नावर बोट ठेवतात, आणि मुख्य कारण तेच. पण जे बी मिळालं त्याच्याही तेलाचा एफएफए साठवणुकीत चढतो, ही गोष्ट रसायनवाल्यांपलीकडे फारशी कुणी बोलली नाही. बी ओलं राहिलं की तिथेही मेदाम्लं सुटतात.

मग लायपेजलाच का जुंपू नये? पाणी भरपूर असेल तर ते तेल तोडतं. पाणी कमी आणि मिथेनॉल जास्त असेल तर मेदाम्लं मिथेनॉलला जोडतं. एफएफएची त्याला अडचण नाही. उलट ते त्याचं खाद्य. साबण नाही, कॉस्टिक नाही, तापमान तीस-चाळीस अंश. नियमित वाचकांना ॲक्रिलिक रेझिनच्या मण्यांवर बसवलेलं कॅन्डिडा अंटार्क्टिकाचं लायपेज आठवत असेल, बाजारात नोव्होझाइम ४३५ नावाने मिळतं ते. कागदावर कोंड्याच्या तेलाला याहून चांगला जोडीदार नाही.

पण मिथेनॉल तेलात नीट विरघळत नाही. एकदम ओतलं की त्याचे थेंब सुटे राहतात आणि त्या थेंबांच्या संपर्कात लायपेज निकामी होतं. ओसाका शहराच्या तांत्रिक संशोधन संस्थेतल्या शिमादा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये यावर अगदी साधी तोड काढली. मिथेनॉल तीन हप्त्यांत द्यायचं. पहिला हप्ता एस्टर झाला की त्या एस्टरमध्ये पुढचं मिथेनॉल विरघळतं. अठ्ठेचाळीस तासांत ९८ टक्क्यांवर रूपांतर झालं आणि तेच मणी पन्नास वेळा, म्हणजे शंभर दिवस, वापरले तरी काम ९५ टक्क्यांच्या खाली गेलं नाही. हे संशोधन मला फार आवडतं. यंत्र बदललं नाही, एन्झाइम बदललं नाही, ओतायची रीत तेवढी बदलली.

तरीही कारखानदार हिशोब मांडतो. कॉस्टिकला तास, याला दोन दिवस. म्हणजे तेवढ्याच मालाला टाक्या कितीतरी मोठ्या. ग्लिसरीन मण्यांवर लेप धरतं आणि तेल आत शिरेनासं होतं. ते धुवायला टर्शरी ब्युटेनॉलसारखा द्रावक वापरला तर तो परत मिळवायचा खर्च आला. कोंड्याच्या कच्च्या तेलातला डिंक आणि मेणही मण्यांच्या छिद्रांत जाऊन बसतात, ते आधी काढावे लागतात. महागड्या औषधाच्या रेणूवर हे सगळं पोसतं. लिटरवर विकायच्या इंधनावर पोसत नाही.

नोव्होझाइम्सने स्वतःच २०१४ मध्ये बायोडिझेलसाठी एव्हर्सा बाजारात आणलं, ते मण्यांवरचं नव्हे, द्रवरूप लायपेज! अठरा आठवडे मी तुम्हाला एन्झाइम बांधून ठेवण्याचे फायदे सांगतोय, आणि मणी विकणारी कंपनी इंधनासाठी सुटं एन्झाइम विकते. यात विसंगती नाही. लायपेज तेल-पाण्याच्या सीमेवर काम करणारं एन्झाइम आहे. तिथे पोचल्यावरच त्याच्या क्रियास्थळावरचं झाकण उघडतं. थोडं पाणी घालून तेल जोरात ढवळलं की प्रत्येक थेंबाचा पृष्ठभाग त्याला आधार म्हणून मिळतो, वेगळा मणी लागत नाही. एन्झाइम पुरेसं स्वस्त झालं की बांधायचा खर्च वाचवणं शहाणपणाचं. बांधणं परवडतं की नाही हे एन्झाइमच्या किमतीइतकंच समोर येणाऱ्या मालाच्या घाणीवर ठरतं, असं माझं मत होत चाललंय. स्वच्छ ग्लुकोजच्या पाकावर आयसोमरेझ या एन्झाइमचे मणी महिनोन्‌महिने टिकतात. कोंड्याच्या तेलावर मण्यांची ती ऐट राहायची नाही.

आता जिवंत गोष्टींतून आलेलं एन्झाइम सोडून निव्वळ घन उत्प्रेरकाकडे. फ्रान्समध्ये सेत बंदरातल्या कारखान्यात २००६ पासून जस्त आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर बायोडिझेल निघू लागलं. ग्लिसरीन ९८ टक्क्यांच्या वर शुद्ध, धुण्याची भानगड नाही. पण त्याला तेल लागतं साफ केलेलं. आपल्या धमतरीच्या वाचकांना त्याचा उपयोग शून्य.

त्यांच्या उपयोगाचं काम पुण्यात झालंय. त्याच सुमाराला एनसीएलमध्ये श्रीनिवास, पॉल रत्नसामी आणि मंडळींनी लोखंड-जस्ताचं दुहेरी सायनाइड वापरून पाहिलं. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि झिंक क्लोराइड यांच्यापासून होणारा हा घन पदार्थ, प्रशियन ब्लू या रंगाचा भाऊबंद. सायनाइड ऐकून दचकू नका. ते लोखंडाला घट्ट जखडलेलं असतं. काम करतं ते पृष्ठभागावरचं जस्त, ज्याच्या भोवतालची एखादी जागा रिकामी राहिलेली असते. मेदाम्लाचं एस्टर होताना दर वेळी पाण्याचा एक रेणू सुटतो, आणि बहुतेक घन आम्लं या पाण्यानेच थंडावतात, कारण पाणी त्यांच्या जागा अडवून बसतं. दुहेरी सायनाइडचा पृष्ठभाग पाण्याला जवळ करत नाही, म्हणून तेल आणि मेदाम्लं दोन्ही एकाच भांड्यात एस्टर होतात. तापमान मात्र १७० अंशांच्या घरात न्यावं लागतं आणि त्या तापमानाला मिथेनॉल दाबाखाली धरून ठेवावं लागतं. गावच्या शेडमध्ये करायचं हे काम नव्हे.

तिसरी वाट हायड्रोजनची. २७ ऑगस्ट २०१८ ला स्पाइसजेटचं विमान डेहराडूनहून दिल्लीला गेलं, त्यात एक चतुर्थांश इंधन छत्तीसगडच्या रतनजोतीचं होतं. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने ते तयार केलं. घन उत्प्रेरकावर तेल आणि हायड्रोजन एकत्र तापवले की ऑक्सिजन निघून जातो आणि हायड्रोकार्बन उरतात. मेदाम्ल मोकळं होतं की जोडलेलं, याने फरक पडत नाही. या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात निकेल-मॉलिब्डेनमला आधार होता झिओलाइटचा. पुढच्या आठवड्यात ते घेऊच.

तर मिलवाल्या वाचकांसाठी माझा सल्ला असा. चांगल्या कोंड्याचं डिझेल करायचा विचार सोडा. देश अर्ध्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. खाण्याजोगं तेल टाकीत ओतणं कुठल्याच हिशोबात बसत नाही. दोन-चार मिलवाल्यांनी मिळून कोंडा तापवायचं यंत्र लावता येईल का ते बघा. इंधनाला कामाचं आहे ते रिफायनरीत तेलातून उडवून काढलेलं मेदाम्लांचं डिस्टिलेट. ते जवळजवळ नुसतं एफएफएच असतं, त्यामुळे कॉस्टिकला निरुपयोगी आणि दुहेरी सायनाइडसारख्या उत्प्रेरकाला सोयीचं. अडचण एवढीच की साबणवाले ते आधीच उचलतात, आणि डिझेलवाल्याला भाव त्यांच्याशी लावावा लागेल.