कोटमसरचा अंध मासा आणि आपल्या पायाखालचे पाणी

गडचिरोली जिल्ह्याची पूर्व सीमा ओलांडली की बस्तरचे अरण्य लागते. तिथे जगदलपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात, कोटमसरची चुनखडीची गुहा आहे. भूगोलाचे अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांनी १९५०च्या दशकात तिचा पद्धतशीर धांडोळा घेतला. गुहेतल्या डबक्यांत तोंडापाशी मिशा असलेला, फिकट, जवळजवळ रंगहीन असा लहानसा मासा राहतो. त्याचे डोळे झिजत गेले आहेत. काही माशांत ते नुसते ठिपक्याएवढे उरले आहेत, तर काहींत वरून दिसतही नाहीत. शास्त्रीय नोंदीत त्याचे नाव इंडोरिओनेक्टेस एव्हेझार्डी. हे जातिनाम मूळचे पुण्याच्या माशाचे आहे. फ्रान्सिस डे यांनी १८७२मध्ये पुण्याच्या परिसरातील, चांगले डोळस असलेल्या माशावरून या जातीचे वर्णन केले आणि कर्नल एव्हेझार्ड यांचे नाव तिला दिले. ही जात दूरवर पसरलेल्या ओढ्यांत आढळते, म्हणून जागतिक लाल यादीत ती सर्वांत कमी काळजीच्या गटात आहे. कोटमसरच्या माशावरचे खरे संकट इथेच सुरू होते. उघड्या ओढ्यातल्या भाऊबंदांच्या विपुलतेआड गुहेतला मूठभर समूह झाकला जातो. म्हणून संरक्षण जातीच्या नावाला बांधून न ठेवता ज्या पाण्यात तो जीव घडला त्या पाण्यालाच दिले पाहिजे. हा विचार बस्तरइतकाच चंद्रपूर-गडचिरोलीलाही लागू पडतो.

गुहेतले जगणे किती वेगळे आहे हे पाहिले की या म्हणण्याचा आधार कळतो. आत कायमचा अंधार, त्यामुळे हिरवी वनस्पती नाही. जे अन्न मिळते ते बाहेरून येते: पावसाळी लोंढ्यासोबत वाहून आलेला पालापाचोळा आणि वटवाघळांची विष्ठा. पावसाळ्यात गुहेत पाणी भरते, म्हणून त्या महिन्यांत ती पर्यटकांसाठी बंद असते. उरलेल्या काळात उपासमार सोसून तग धरणारा जीवच इथे टिकतो. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातील संशोधकांनी या माशांच्या दिनचक्राचा अभ्यास केला. हवा घेण्यासाठी ते अधूनमधून पृष्ठभागावर येतात, आणि या हालचालीतली लय संशोधकांनी तपासली. दिवस-रात्र नसलेल्या ठिकाणी शरीरातले घड्याळ कसे चालते, हा प्रश्न माणसाच्या आरोग्याच्या अभ्यासालाही जवळचा आहे. कोटमसरचा समूह संपला तर पुण्याच्या ओढ्यातले मासे तिथे सोडून ही उणीव भरता येणार नाही. कारण नष्ट होईल ती अंधारात पिढ्यान्‌पिढ्या घडलेली शरीररचना.

यावर पहिला आक्षेप असा की ही स्वतंत्र जात नाही, मग खास संरक्षण कशाला? मेक्सिकोतल्या अंध माशाचा इतिहास याला उत्तर देतो. १९३६मध्ये त्याचे स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णन झाले, पुढे तो नदीतल्या डोळस माशाचाच गुहावासी प्रकार ठरला. दोघांचा संकर होतो, पण म्हणून त्याचे मोल कमी झाले नाही. डोळे का आणि कसे जातात, याचे जगातले मोठे संशोधन याच संकरांवर उभे आहे. दुसरे म्हणजे ‘सर्वत्र आढळणारी जात’ ही समजूतच डळमळीत आहे. २०२१मध्ये महाराष्ट्रातून इंडोरिओनेक्टेस गटातल्या दोन नव्या जाती नोंदल्या गेल्या: गोदावरी खोऱ्यातल्या मुळा नदीतून नीलेशी आणि कृष्णा खोऱ्यातल्या हिरण्यकेशीतून राजीवी. एका नावाखाली अनेक जीव दडलेले असू शकतात, हे त्यातून दिसले. नामकरणाचा निकाल लागेपर्यंत रक्षण थांबवायचे, तर निकालाच्या दिवशी रक्षण करायला काही उरेलच याची हमी नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. गुहा राष्ट्रीय उद्यानात आहे, दाराशी पहारा आहे, मग आणखी काय हवे? पण उद्यानाची हद्द जमिनीवर आखलेली असते आणि चुनखडीतले पाणी भेगाभेगांतून तिच्याखालून वाहते. मातीसारखी गाळणी तिथे नसल्याने वरची घाण फारशी न गाळता खाली पोचते. वरचा पाऊस आणि आतली गुहा यांचे नाते किती घट्ट आहे, याचा पुरावा त्याच उद्यानातल्या दंडक गुहेने दिला आहे. तिथल्या ठिबकून साचलेल्या खडकाच्या थरांवरून इ. स. ६०० ते १५०० या काळातल्या मोसमी पावसाचा आलेख २००७मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आपल्याकडचा दुर्गादेवीचा दुष्काळ ज्या काळात पडला त्या काळातली पावसाची तूटही त्यात उमटली आहे. अमेरिकेत अलाबामातल्या एकाच गुहेत राहणाऱ्या अंध माशासाठी १९९७मध्ये जे अभयारण्य झाले, ते मुख्यतः गुहेत पाणी मुरवणाऱ्या वरच्या जमिनीच्या रक्षणासाठी. गुहेच्या आतही दिवे आणि गर्दीने वटवाघळे निघून गेली, तर माशाचे अन्नच तुटते. दाराला कुलूप लावणे हे रक्षणाचे पहिले पाऊल आहे. ते पुरेसे नाही.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. चंद्रपूरच्या राजुरा आणि कोरपना तालुक्यांत पैनगंगा समूहाची अतिप्राचीन चुनखडी आहे. गडचांदूर, आवारपूरचे सिमेंट कारखाने तिच्यावरच उभे आहेत. गडचिरोलीत अहेरी तालुक्यातल्या देवलमरी-काटेपल्ली भागातही चुनखडीचे साठे आहेत. अंध मासा सापडला तो बस्तरात, मग इथे कशाला शोधायचे, असे कोणी विचारील. केरळचा अनुभव याला उत्तर देतो. कोट्टायमच्या विहिरींतून मिळालेल्या होराग्लानिस या अंध माशाची पहिली जात १९५०मध्ये नोंदली गेली, तर ‘पॉप्युली’ ही जात २०२३मध्ये. घरच्या विहिरीतून, नळातून आलेले जीव सामान्य लोकांनी अभ्यासकांपर्यंत पोचवले, म्हणून ती हाती लागली. जमिनीखालचे जीव आपणहून समोर येत नाहीत, ते शोधावे लागतात. सिमेंट आणि रोजगार हवाच, हेही खरे. इथे मागणी उद्योग बंद करण्याची नाही. खाण सुरू होण्याआधी त्या परिसरातल्या विहिरी, झरे आणि बोअरवेलमधल्या जीवांची तपासणी व्हावी, एवढीच आहे. खाणीतून पाण्याचा उपसा वाढला की पातळी खाली जाते, आणि तेच पाणी गावाच्या विहिरीतही असते. माशासाठी केलेली तपासणी माणसाच्या पिण्याच्या पाण्याचीही राखण करील.

यासाठी नवा कायदा लागत नाही. जैविक विविधता कायदा २००२पासून आहे. त्याच्याच आधारे गडचिरोलीतले ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हे वन २०१४मध्ये जैवविविधता वारसास्थळ झाले. २०२१मध्ये आंबोलीच्या हिरण्यकेशी देवस्थानाचा परिसरही वारसास्थळ ठरला, तो तिथल्या पाण्यात सापडलेल्या लहानशा माशामुळे. म्हणजे एका माशासाठी त्याचे पाणी राखायचे, हे महाराष्ट्राने आधीच मान्य केले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून जंगलाचा कारभार हाती घेतला. जंगलाचे जे झाले ते भूजलाचेही होऊ शकते. चुनखडीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाने याच कायद्याखालच्या लोक जैवविविधता नोंदवहीत विहिरी-झऱ्यांतल्या जीवांसाठी पाने राखावीत, आणि खाणपट्टा देताना शासनाने ती पाने वाचणे बंधनकारक करावे. कोटमसरच्या माशाला स्वतंत्र जातीचे नाव मिळो वा न मिळो, त्याच्या पाण्याला संरक्षण आजच मिळाले पाहिजे.