गर्भस्राव आणि सोनोग्राफी : घाई नको, उपेक्षाही नको

दोन महिन्यांच्या गर्भिणीस रक्ताचा डाग दिसला की घरची मंडळी अनेकदा प्रथम वैद्याकडे येतात. अशा वेळी आपण काय करतो, यावर कित्येकदा एका गर्भाचे, तर क्वचित मातेचेही भवितव्य अवलंबून असते. म्हणून या विषयाचा विचार येथे मांडत आहोत.

चौथ्या महिन्यापर्यंत होतो तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात होतो तो गर्भपात, हा भेद माधवनिदानात सांगितला आहे. आधुनिक शास्त्रानुसार निदान झालेल्या गर्भधारणांपैकी सुमारे १० ते २० टक्के गर्भधारणांचा शेवट गर्भस्रावात होतो व पहिल्या तिमाहीतील अशा स्रावांपैकी जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष आढळतो. आपल्या आचार्यांनी वर्णिलेल्या बीजदोषाची येथे आठवण होते. असा गर्भ कोणत्याही औषधाने टिकत नाही, हे आपण मान्य केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक भगिनी आली. पाळीच्या हिशेबाने साडेसात आठवडे झाले होते. सोनोग्राफीत १० मि.मी.चा गर्भकोष व योक सॅक दिसली, परंतु गर्भ दिसला नाही. नातेवाईक क्युरेटिंगच्या तयारीत होते. इतिहास विचारता तिची पाळी नेहमीच ४० ते ४२ दिवसांनी येत असल्याचे कळले. म्हणजे गर्भाचे वय सहा आठवड्यांहूनही कमी होते. तज्ज्ञांच्या संमतीने थांबलो. अकरा दिवसांनी हृदयस्पंदन स्पष्ट दिसले. मधल्या काळात आम्ही शतावरीसिद्ध दूध दिले होते, म्हणून कुटुंबाने श्रेय औषधाला दिले. ते आम्ही घेतले नाही. चूक दिवसांच्या गणनेत होती, एवढेच.

त्याच वर्षी दुसऱ्या एका रुग्णेत ९ मि.मी. लांबीच्या गर्भात स्पंदन नव्हते. तेथे गर्भस्थापक चिकित्सा चालू ठेवणे म्हणजे तिची फसवणूक ठरली असती. औषध थांबवून तिला तज्ज्ञांकडे पाठविले आणि यात तिचा काही दोष नाही, हे तिच्या सासूबाईंसमोर मुद्दाम सांगितले.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निकषांनुसार, योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मि.मी. वा अधिक असून स्पंदन नसेल, किंवा गर्भकोषाचा सरासरी व्यास २५ मि.मी. वा अधिक असून गर्भ दिसत नसेल, तरच गर्भ गेल्याचे निश्चित म्हणावे. पूर्वी ५ मि.मी. लांबी पुरेशी मानली जात असे. माप याहून कमी असल्यास साधारणतः ७ ते १० दिवसांनी तपासणी पुन्हा करावी.

मात्र गर्भचाचणी होकारार्थी असून गर्भाशय रिकामे दिसत असेल, एका बाजूस तीव्र वेदना, खांदेदुखी वा चक्कर असेल, तर गर्भाशयाबाहेरील गर्भाची शंका घेऊन क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. रक्तस्राव फार असल्यासही तसेच करावे. रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. पाळी लांबली म्हणून कोणी रजःप्रवर्तिनी वटी मागितली, तर प्रथम मूत्राद्वारे गर्भचाचणी केली आहे काय, हे विचारावे. एलुवा, कासीस, हिंग व टंकण यांचा हा कल्प गर्भिणीने घेण्याचा नव्हे. तसेच हिंगूळ व नागभस्मयुक्त गर्भपाल रस केवळ नावावरून निर्धास्तपणे देऊ नये. शिसे व पारा गर्भास घातक आहेत.

सोनोग्राफीसाठी पाठविताना १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यान्वये नोंदणीकृत केंद्रातच पाठवावे.

नाडी आपण पाहतोच. त्याबरोबर तारीखही नीट पाहावी. गर्भिणीचे रक्षण हाच आपला धर्म, मग साधन कोणाचेही असो.