दुर्बिणीसाठी नेत्रभिंग कोणते घ्यावे?

राजपुऱ्यातील ज्या घरी मुलांसाठी पहिली दुर्बीण आली असेल, तेथील वडीलधाऱ्यांस आम्ही दोन गोष्टी सांगू इच्छितो. खोक्यावरील मोठ्या आकड्यास भुलू नये. मोठ्या भिंगाच्या नाभ्यंतरास डोळ्याकडील भिंगाच्या, म्हणजे नेत्रभिंगाच्या, नाभ्यंतराने भागले की दुर्बिणीचे वर्धन मिळते. ९०० मिलिमीटर नाभ्यंतराच्या दुर्बिणीस २५ मिलिमीटरचे नेत्रभिंग ३६ पट वर्धन देते, १० चे ९० पट, आणि ४ चे २२५ पट. पण मोठ्या भिंगाचा व्यास ७० मिलिमीटर असेल, तर सुमारे १४० पटींपुढे चित्र केवळ मोठे व अंधुक होते. ४ चे नेत्रभिंग मग पेटीतच पडून राहते.

म्हणून आरंभी २५ चे घ्यावे. चंद्र, कृत्तिका व गुरूचे चार चंद्र त्यातून सुरेख दिसतात. शनीचे कडे निरखण्यास १० चे घ्यावे. वर्धन दुप्पट करणारे बार्लो भिंग मागाहून घेता येते. तिवई मात्र भक्कम हवी; ती डळमळली की सारे व्यर्थ. १९४४ साली पुण्यास स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळींच्या दुर्बिणीतून आधी पाहून मग खरेदी केल्यास पैसा वाचतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नेत्रभिंगास लावावयाची काळी सूर्यकाच पेटीत निघाल्यास ती फोडून टाकावी. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते, आणि मुलाचा डोळा क्षणात जातो. गेलेली दृष्टी कोणत्याही भिंगाने परत येत नाही.